धुऱ्यावरचे तीन पाय

वणीतल्या त्या फोटो स्टुडिओत पाऊल टाकल्या टाकल्या इंदुताईंचं डोकं फिरलं, आणि त्याला कारणही तसंच होतं. कॅमेरा त्यांच्या गळ्यात होता, ट्रायपॉड त्यांना हवा होता आणि दुकानदार बोलत होता त्यांच्या नवऱ्याशी. पुंडलिकरावांनी जन्मात कॅमेऱ्याचं बटण दाबलेलं नाही. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ते डोळे मिटून उभे आहेत. पण दुकानदार त्यांनाच विचारत होता, साहेब काय शूट करता, किती उंचीचा पाहिजे. पुंडलिकरावांनी मुलाकडे, पियुषकडे पाहिलं, तर दुकानदार त्याच्याकडे वळला आणि भाऊचं चॅनल आहे का म्हणून चौकशी करू लागला. मधे उभी असलेली पन्नाशीची बाई त्याच्या लेखी पिशव्या धरायला आलेली होती.

"कॅमेरा माह्या गळ्यात हाय," इंदुताई म्हणाल्या. "त्यायच्या गळ्यात काय दिसून राह्यलं तुमाले?"

दुकानदार ओशाळून हसला. पण त्यानंतरही त्याने उत्तरं दिली ती पुंडलिकरावांच्याच तोंडाकडे पाहून. काही माणसांना सांगून कळत नाही, त्यांच्या नादी लागण्यात अर्थ नसतो. इंदुताईंनी त्याचा नाद सोडला आणि सरळ ट्रायपॉडकडे मोर्चा वळवला.

हा कॅमेरा त्यांच्या मुलीचा, प्रेरणाचा. ती नागपूरला नोकरी करते. तिने नवा घेतला आणि जुना आईच्या हातात ठेवला, घरी पडून राहण्यापेक्षा वापर म्हणून. इंदुताईंनी तो असा काही वापरला की गावाने आधी तोंडात बोटं घातली आणि मग चेष्टा सुरू केली. कापूस वेचायला जाताना बाई गळ्यात कॅमेरा अडकवून जाते, हे काही गावाला पचेना. त्यांनी कापसाच्या पऱ्हाटीवरचं दव टिपलं, नाल्यावरचे बगळे टिपले, वेचणीच्या बायकांचे हात टिपले. पण ज्या एका फोटोसाठी त्यांचा जीव तुटत होता तो काही केल्या साधत नव्हता. त्यांच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोहाचं एक जुनं झाड आहे. त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहते. दिवस बुडाला की दोघं ढोलीच्या तोंडाशी येऊन एकमेकांना खेटून बसतात, आणि अंधार पडायच्या आत उडून जातात. तेवढ्या वेळात उजेड इतका कमी की प्रत्येक फोटोत पिंगळ्यांच्या जागी दोन राखाडी डाग. प्रेरणाने फोनवर सांगितलं होतं की उजेड कमी असला की कॅमेऱ्याचा डोळा जास्त वेळ उघडा राहतो, मग श्वास घेतला तरी फोटो हलतो. हाताने जमणार नाही, आई, ट्रायपॉड घे.

दुकानदाराने तीन समोर ठेवले. पहिला फोनसाठीचा, काटकुळा. तो इंदुताईंनी हातातही घेतला नाही. दुसरा चकचकीत, हलका. सगळे हाच नेतात, साहेब, असं दुकानदार म्हणाला, अर्थातच पुंडलिकरावांना. इंदुताईंनी तो उभा केला आणि खाटेचा पाय तपासावा तसा वरून दाबून पाहिला. मधली दांडी वर काढली की त्याची मान डुलायची. पाय लांब करायला गोल फिरकीची पकड होती, तिच्यात काळी माती शिरली की संपलंच. खाली गुळगुळीत रबर. त्यांच्या धुऱ्यावरचा संध्याकाळचा वारा त्याला पहिल्याच दिवशी नाल्यात लोटणार होता.

तिसरा कोपऱ्यात उभा होता. लग्नाचं शूटिंग करणारा कोणीतरी विकून गेलेला, जाड पायांचा, जड. पायांवर पिवळे पट्टे, पकडीला साधे चिमटे, म्हणजे चिखल लागला तर पदराने पुसता येतील असे, आणि तळाला मातीत रुतवायच्या लोखंडी अण्या. मधे एक आकडाही होता, पिशवी अडकवून वजन वाढवायला. इंदुताईंनी कॅमेरा लावला, हात दोन्ही बाजूंनी टेकवून जोर दिला. तो ढिम्म हलला नाही. जड आहे बाई तुमच्यासाठी, असं दुकानदार म्हणाला. हे मात्र तो थेट त्यांच्याशी बोलला. कापसाचं गाठोडं डोक्यावरून आणणाऱ्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल ते सांगायला नको. त्यांनी ट्रायपॉड मिटवला आणि खांद्यावर टाकला.

आता पुंडलिकराव तोंड वाकडं करणार, याची त्यांना खात्री होती. हा माणूस कोथिंबिरीच्या जुडीसाठी अख्खा बाजार पालथा घालणारा. पण ते शांतपणे म्हणाले, "तुले जो पटते तो घे, इंदू. पैशाकडे पाहू नको."

इंदुताईंनी दोनदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पियुष रस्त्याकडे बघत होता. परतीच्या काळीपिवळीत ट्रायपॉड मांडीवर आडवा घेऊन बसताना त्यांना आपल्या इतक्या वर्षांच्या कुरकुरीची थोडी लाजच वाटली. माणूस वयाने मऊ होतो म्हणतात ते खरं असावं, असं म्हणून त्यांनी मनातल्या मनात नवऱ्याच्या कितीतरी जुन्या गोष्टी माफही करून टाकल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी धुऱ्यावर ट्रायपॉड रोवला. पिंगळे बाहेर आले, खेटून बसले, आणि इंदुताईंनी श्वास रोखून बटण दाबलं. पडद्यावर चार पिवळे डोळे स्वच्छ उमटले. पिसांवरचा ठिपका न् ठिपका मोजून घ्यावा असा. आनंदाने त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. दुसऱ्या दिवशीही त्या गेल्या. आणि या दोन संध्याकाळी रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांनी जे पाहिलं, ते मात्र पिंगळे नव्हते.

नाल्यापलीकडचं गाव कोळशाच्या खाणीने कधीच उचललं. आता तिथे मातीचा डोंगर आहे आणि तो दरवर्षी वाढतो. त्या गावात पहिल्यांदा आले होते ते तीन पायच. पिवळ्या पट्ट्यांचे तीन पाय, त्यावर मोजणीचं यंत्र, आणि एक डोळा मिटून त्यातून पाहणारा माणूस. त्यानंतर आले लाल रंग मारलेले दगड, आणि त्यानंतर गाव उठलं. त्यामुळे या पट्ट्यात शेंबडं पोरगंसुद्धा तीन पाय ओळखतं. यंदा पावसाळ्यात मारुतीच्या पारावर गाव जमलं होतं आणि कोणीही खाणीला जमिनीची संमती द्यायची नाही, कोणालाही मोजणी करू द्यायची नाही, असं ठरलं होतं. हात वर करणाऱ्यांत पुंडलिकराव पुढच्या रांगेत होते. इंदुताईंना हे सगळं ठाऊक होतं. पण पिंगळ्यांच्या नादात त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

मधे दोन दिवस घरच्या कामात गेले. पाचव्या दिवशी दुपारीच त्या वावरात गेल्या आणि धुऱ्यावर थिजून उभ्या राहिल्या. धुऱ्याच्या पलीकडचं वावर गुलाबसिंगचं. जवळच्या तांड्यावरचा, वर्षानुवर्षांचा शेजारी. त्याच्या वावरात तीन दिवसांपूर्वी फुलोऱ्यावर आलेली तूर उभी होती. आज ती उपटून कडेला ढीग करून टाकलेली होती, पिवळ्या फुलांसकट सुकत होती, आणि मोकळ्या मातीत आंब्याची आणि सीताफळाची वीतभर रोपं रांगेने लावलेली होती. गुलाबसिंग आणि त्याची म्हातारी आई मानीबाई डबड्याने त्यांना पाणी घालत होते.

भरल्या ताटाला लाथ मारावी तसा हा प्रकार. इंदुताईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी पलीकडे जाऊन गुलाबसिंगला चांगलंच फैलावर घेतलं. डोकं ठिकाणावर आहे का, फुलातली तूर कोणी उपटतं का, असं त्या बोलत सुटल्या. गुलाबसिंगने डबडं खाली ठेवलं. तो मुळात थंड माणूस, पण आज त्याचाही आवाज चढला.

"मोजणी तुमी लावली, वयनी, आन् वरून मलेच इचारता काहून?" तो म्हणाला. "तुमच्या धुऱ्यावर दोन दिवस तीन पाय उभे होते. सारा गाव पाहून राह्यला. पलीकडं ज्यायच्या वावरात झाडं होते त्यायले झाडामागं मोबदला भेटला. ज्यायची तूर होती त्यायच्या तोंडाले पानं पुसली. मी कायले मागं राहू?"

इंदुताईंना आधी काही समजलंच नाही. समजलं तेव्हा हसू आलं, आणि मग हसण्यापेक्षा मोठा राग आला. पिंगळ्याच्या फोटोपायी एक माणूस आपली तूर उपटतो, आणि गाव तिकडे पारावर बसून आपल्याला विकलेली समजतं! एकालाही वाटलं नाही की जाऊन विचारावं, ताई, हे काय लावलं. बाईच्या हातात कॅमेरा असतो हे यांना दोन वर्षं दिसतंय, त्यावर हसायला यांना वेळ आहे, आणि तीन पाय दिसले की त्यावर कॅमेरा असेल एवढं डोक्यात येत नाही. त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढून पिंगळे गुलाबसिंगच्या नाकासमोर धरले. आवाज ऐकून आजूबाजूच्या वावरांतली माणसं जमली होती. त्यांनीही माना लांब करून पाहिलं. एकजण म्हणाला की फोटो कोणीही काढेल, आतल्या गोष्टी कोण सांगतो, पुंडलिकरावांनी संमती दिल्याची कुजबुज आहे.

हे त्यांच्या फार वर्मी लागलं. नवरा चिक्कू आहे, घुम्या आहे, हे त्या स्वतः चारचौघांत म्हणत आल्या होत्या. पण पारावर हात वर करून मागून घात करणारा तो नाही, यावर त्या कुठेही पैज लावायला तयार होत्या. आणि त्यांनी ती लावलीच.

"माह्या पियुषची आन घेऊन सांगतो," त्या म्हणाल्या. "यायनं सही देली नाई. देणार नाई."

एकुलत्या एका मुलाची आण आई उगाच घेत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मानीबाईने पदर तोंडाला लावला. याडी, चुकलं आपलं, असं गुलाबसिंग आईला म्हणाला, आणि वाकून रोपं उपटायला लागला. तूर तर गेली, आता ही रोपं पोसत बसलो तर हरभऱ्याचाही हंगाम जाईल, असं त्याचं म्हणणं. इंदुताईंनी स्वतः त्याला रोपं उपटायला मदत केली. मुळं कोवळी होती, सहज निघत होती.

घरी आल्या तरी त्यांचा राग उतरला नव्हता. स्वयंपाक करताना भांडी आपटत होती. ताटं वाढली आणि वाढता वाढताच त्यांनी सगळी हकिगत सांगितली. गावाला चार शिव्या दिल्या. कुजबुज करणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. शेवटी पियुषची आण घेतल्याचं सांगितलं, आणि नवऱ्याने आता शाबासकी द्यावी म्हणून त्यांच्याकडे पाहिलं.

पुंडलिकरावांचा घास हातातच राहिला होता. "आन कायले घेतली?" ते म्हणाले.

पियुष ताटावरून उठला आणि हात न धुताच बाहेर गेला. इंदुताईंच्या हातात भाजीचा डाव तसाच राहिला. तोंडाने काही विचारायची गरजच उरली नव्हती, तरी त्यांनी विचारलं.

पुंडलिकरावांनी दसऱ्याच्या आधीच संमती दिली होती. सातबारा त्यांच्या नावावर, सही त्यांची, बायकोला विचारायचं कारणच काय. जमिनीच्या बदल्यात पियुषला खाणीत नोकरी लागणार होती. पियुषला सगळं माहीत होतं. पारावर हात वर करणारे अर्धे लोक आतून देणारच आहेत, जो उशिरा देईल त्याच्या हाती काही लागणार नाही, पोरगं किती दिवस घरी बसवायचं, असं ते खालमानेने बोलत राहिले. बोलणं अगदीच खोटं नव्हतं. म्हणूनच इंदुताईंना ते जास्त झोंबलं.

"मंग तो ट्रायपॉड काहून घेऊन देला मले?" त्यांनी विचारलं.

पुंडलिकराव ताटाकडे पाहत म्हणाले, "वावर हाय तवर तुले फोटो काढून घेऊ द्याव म्हटलं."

ट्रायपॉड दाराशी भिंतीला टेकून उभा होता. इंदुताईंना वाटलं, तो उचलावा आणि या माणसाच्या ताटावर घालावा. दुकानात त्या जीव तोडून पकडी तपासत होत्या, अण्या पाहत होत्या, वाऱ्याचा विचार करत होत्या, आणि बापलेक बाजूला उभे राहून त्यांची समजूत काढायची वस्तू विकत घेत होते. रडणाऱ्या पोराला खुळखुळा द्यावा, तशी. आणि त्यांनी या माणसाला माफ केलं होतं, काळीपिवळीत बसून! या वावरात त्यांनी लग्न झाल्यापासून निंदण केलं, दोन्ही लेकरांच्या वेळी पोट घेऊन कापूस वेचला, आणि विकताना त्यांना एका शब्दाने विचारलं नाही. वर त्यांच्याच तोंडून पोराची खोटी आण निघाली, आणि त्या आणेवर विश्वास ठेवून एका गरीब माणसाने दुसऱ्यांदा आपलं वावर मोकळं केलं. आपण स्वतः वाकून त्याची रोपं उपटली, हे आठवून त्यांना आपल्याच हातांची शिसारी आली.

"नोकरीसाठी देलं, ते एक वेळ समजलं असतं," त्या म्हणाल्या. "मले आंधळी ठेवून देलं, हे मी मरेपावेतो इसरणार नाई." त्यापुढे त्या घरात कोणाशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

सकाळी उजाडल्यावर त्या निघाल्या. कुठे जातेस म्हणून पुंडलिकरावांनी विचारलं. उत्तर मिळालं नाही, पण त्यांना ते समजलं असावं, कारण ते चपला घालून मागोमाग निघाले. वाटेत हळू आवाजात विनवत राहिले. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, पोराच्या नोकरीत लोक काड्या घालतील, थोडे दिवस थांब, आपोआप कळेल सगळ्यांना. इंदुताई थांबल्या नाहीत. आपोआप कळेपर्यंत गुलाबसिंगने हरभरा पेरून वर आपल्याकडे पाहून हसत राहायचं, आणि आपण धुऱ्यावरून त्याला हात करायचा, हे त्यांच्याच्याने होणारं नव्हतं.

गुलाबसिंग वावरातच होता. उपटलेली रोपं मानीबाईने ढिगावर टाकली होती, त्यांची पानं रात्रीत मलूल झाली होती. कालच्यांपैकी दोघंतिघं बाजूच्या वावरात होते, तेही इंदुताईंना पाहून जवळ आले. ते आले हे बरंच झालं.

"गुलाबभाऊ, काल मी खोटी आन घेतली," इंदुताई म्हणाल्या. "मले मालूम नव्हतं. यायनं दसऱ्याच्या आधीच संमती देली हाय."

सगळ्यांनी पुंडलिकरावांकडे पाहिलं आणि पुंडलिकरावांनी मोहाकडे. तेवढ्यानेच सगळ्यांची खात्री पटली. काल कुजबुजीचं सांगणारा माणूस काहीतरी बोलणार होता, पण मानीबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प बसला.

गुलाबसिंग ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने मातीचे हात धोतराला पुसले. "तूर म्या माह्या अकलेनं उपटली," तो म्हणाला. "रोपं तुमच्या आनेवर उपटले, वयनी. आता तुमीच सांगा, काय लावू?"

याचं उत्तर इंदुताई घरून ठरवून आल्या नव्हत्या. त्यांची नजर धुऱ्याच्या अलीकडे गेली. त्यांच्या वावरात तूर उभी होती, कमरेच्या वर आलेली, फुलांनी पिवळी झालेली. ती त्यांनी स्वतः पेरली होती, पावसात दोनदा निंदली होती, आणि तिच्या फुलांवर बसलेल्या मधमाश्यांचे फोटो त्यांच्या कॅमेऱ्यात होते. वावर गेलं होतं. पीक अजून गेलं नव्हतं.

"ही तूर तुमची," त्या म्हणाल्या. "शेंगा भरल्या की कापून न्या. सगळी."

पुंडलिकराव एकदम पुढे आले. इतका वेळ मूग गिळून बसलेल्या माणसाला आता वाचा फुटली.

"मले न इचारता?" ते म्हणाले.

इंदुताई त्यांच्याकडे वळल्या. कालपासून त्यांनी या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता, तो आता भिडवला.

"हो," त्या म्हणाल्या. "तुमाले न इचारता."

गुलाबसिंगने विचारलं, सगळी म्हणजे तुरीच्या कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत. इंदुताई धुरा ओलांडून आपल्या वावरात शिरल्या आणि त्याला दाखवायला लागल्या.